पुरे म्हणणारी

चित्र संपलं कधी, हे माझ्या नवऱ्याला आजवर कळलेलं नाही. सुरुवात करायची म्हटली की गडी तयार, बाह्या सरसावलेल्याच असतात. पण थांबायचं कुठे, असं विचारलं की महाराज छताकडे बघतात. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या काळात त्याने एकही चित्र स्वतःहून संपवलेलं नाही. ती सगळी मी संपवली. रंग त्याचे, हात त्याचा, घाम त्याचा. मी फक्त मागच्या खोलीच्या दारात उभी राहून "पुरे" म्हणायचे.

त्याची कामाची रीतच तशी आहे. कॅनव्हासवर कडांकडून मध्याकडे सरकत रंगाचा थर द्यायचा, तो अर्धवट सुकला की रुंद पात्याने खरवडायचा, वर दुसरा थर, पुन्हा खरवड. असं आठवडेच्या आठवडे चालतं. खालचे थर मधूनमधून वर डोकावायला लागतात आणि मग एखाद्या दुपारी चित्र अचानक उभं राहतं. त्यात ना झाड असतं ना माणूस, नुसते रंगाचे पट्टे, पण बघणाऱ्याचे पाय जागेवर थांबतात. त्यानंतर पातं दोनचारदा जरी जास्त फिरलं, तरी सगळ्याचा राखाडी चिखल होतो. आणि माझ्या नवऱ्याचं पातं हमखास जास्त फिरतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. चित्रं कापडात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवली होती. "एक कोपरा जरा बघतो," म्हणून त्याने त्यातलं एक उघडलं. मी कामावरून आले तेव्हा खोलीभर रंगाचा भुगा पडला होता आणि सगळे कॅनव्हास सुतापर्यंत खरवडलेले होते. प्रदर्शन बारगळलं. हा भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला, तो उन्हाळा लागेपर्यंत पडूनच होता. जेवण नाही, अंघोळ नाही, बोलणं नाही. त्या दिवसांत घरी येताना मी जिन्यात थांबायचे. किल्ली हातात असायची, पण वर जायचा धीर व्हायचा नाही. दार उघडल्यावर काय बघावं लागेल, कोण जाणे. घरातली सगळी पाती, सुऱ्या, त्याच्या दाढीची ब्लेडंसुद्धा मी उचलून माझ्या कामावरच्या कपाटात नेऊन ठेवली होती.

तो त्यातून उठला. कसा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण उठल्यावरचं पहिलं चित्र तो करत होता तेव्हा मी दारात उभी होते आणि ते उभं राहिलेलं मला दिसलं. तो पुन्हा पातं उचलणार एवढ्यात मी म्हटलं, "पुरे. आता हात लावलास तर बघ." तो थांबला, वळला, आणि डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा त्याचा चेहरा सैल झाला. तेव्हापासून तो आमच्या घरचा नियमच होऊन बसला. त्याने हाक मारायची, मी दारात यायचं, बघायचं, आणि झालं असेल तर सांगायचं.

मी काही कलेतली जाणकार नाही. मी दातांच्या लॅबमध्ये होते. दवाखान्यातून दाताचा साचा यायचा, आम्ही त्यावर कॅप बनवायचो, आणि त्या कॅपचा रंग शेजारच्या दाताशी जुळवणं हे माझं काम होतं. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. पांढरा! दुधी असतो, पिवळट असतो, करडा असतो, चहा ढोसणाऱ्याचा वेगळा आणि सिगरेट ओढणाऱ्याचा वेगळा. छटा जुळवायला आमच्याकडे चिनी मातीच्या छोट्या दातांची एक पट्टी असायची. तिचे दोनचार दात पडले तेव्हा ती मी घरी आणली. नवऱ्याने ती पळवली आणि वर्षभर नुसते पांढरे रंगवत बसला.

तीच त्याची गाजलेली पांढरी चित्रं. त्याआधी तो कॉलेजातल्या मास्तरांसारखे जाड काळे पट्टे ओढायचा, आणि लोक तोंडावर म्हणायचे, "मास्तर कसे आहेत?" पांढऱ्या चित्रांनी ते बंद केलं. त्यांच्याविषयी मोठमोठे लेख आले, त्यांत बर्फाळ प्रदेशातल्या चित्रपरंपरेचा प्रभाव असल्याचं लिहून आलं. आम्ही दोघं ते वाचून पोट धरून हसलो. "बर्फ कसला डोंबलाचा," तो म्हणाला, "पलीकडच्या गल्लीतल्या वकिलाची कवळी आहे ती."

हसणं बरं होतं तेव्हाचं.

दोन वर्षांपूर्वी मला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. मी सुताराला बोलावून फैलावर घेतलं. त्याने ओळंबा लावून दाखवला, चौकट सरळ होती. मी ओळंब्याच्या दोरीकडे बघितलं तर तीही मधोमध वाकलेली होती. सुतार माझ्याकडे बघत राहिला. मी चहा पाजून त्याला वाटेला लावला आणि दार लावून घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी चौकटी आखलेला एक कागद पुढे धरला. मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. ठिपका नव्हताच. त्याच्या जागी एक धुरकट डाग होता आणि डागाच्या कडेच्या रेषा आत ओढल्यासारख्या झाल्या होत्या. दोन्ही डोळ्यांचं तेच.

"पडद्याचा मधला भाग झिजतोय," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत आणायला औषध नाही. पूर्ण आंधळ्या नाही होणार तुम्ही. कडेकडेचं दिसत राहील. चालाल, फिराल, घरात वावराल. पण ज्याच्याकडे बघाल, नेमकं तेच दिसणार नाही."

बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली. मग सुईचं नाक गेलं. मग माणसांचे चेहरे जायला लागले. समोर नवरा बसलेला असायचा, त्याचे कान दिसायचे, केस दिसायचे, खांदे दिसायचे, आणि मधे धुरकट काहीतरी हलत असायचं. त्यातूनच त्याचा आवाज यायचा. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मी हातातलं ताट टाकलं आणि हात भाजल्याचं सोंग केलं.

हे फक्त माझ्या धाकट्या बहिणीला माहीत होतं. तीच मला तपासायला न्यायची.

"ताई, भाऊजींना सांग," ती प्रत्येक वेळी परतताना म्हणायची.

"सांगते गं."

"कधी सांगणार? सगळं झाल्यावर?"

"एवढं प्रदर्शन होऊ दे."

"तुझं एक प्रदर्शन झालं की दुसरं असतंच. त्यांना कळणार नाही असं वाटतं का तुला?"

"त्याला समोरच्या भिंतीचा रंग बदललेला कळतो, बायकोचं काय कळणार आहे!" मी उडवून लावायचे. पण मला हसू येत नसे. बहिणीला त्या हिवाळ्याची ऐकीव माहिती होती. जिन्यात मी उभी राहिले होते, ती नव्हे.

घरी मी गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. दवाखाना म्हणजे गुडघे. मग काय, मला लंगडावं लागायचं. एकदा मी चुकून दुसऱ्याच पायाने लंगडले, तेव्हा तो काळजीने म्हणाला, "आता हाही धरला का?" मी हो म्हटलं. त्याने माझ्यासाठी मऊ तळव्याच्या चपला आणल्या. त्या चपला घालताना मला स्वतःची इतकी लाज वाटायची की काय सांगू.

आणि "पुरे"? ते मी म्हणतच राहिले.

मान थोडी तिरकी केली की चित्राच्या कडा मला चांगल्या दिसायच्या. डावी कड, उजवी कड, वरचा पट्टा, खालचा पट्टा. शिवाय इतक्या वर्षांनी कानही तयार झालेला होता. रंग ओला असताना पात्याचा आवाज वेगळा येतो, चित्र जवळ आलं की त्याचा श्वास लांबतो. कडा जमल्या, श्वास लांबला, की मी म्हणायचे, "पुरे." तो थांबायचा. मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहायचे. मनात म्हणायचे, निभावलं. असं एक चित्र झालं, दुसरं झालं, बघता बघता भिंतीला सहा मोठी चित्रं टेकली. घरी येऊन बघणाऱ्यांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि त्या सहांनी माझ्या नवऱ्याला म्हातारपणी जे नाव मिळवून दिलं, ते आधीच्या सगळ्या आयुष्याने दिलं नव्हतं. संग्रहालयाने त्याच्या सबंध कामाचं प्रदर्शन ठरवलं. काळ्या पट्ट्यांपासून आजपर्यंत, सगळं.

ते प्रदर्शन मांडणारी बाई आमच्याकडे यायला लागली. हुशार होती, नम्र होती, आणि एका दमात चार प्रश्न विचारायची. आम्ही तिचं नाव प्रश्नावली ठेवलं होतं. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ती आली आणि चित्रांसमोर खुर्ची ओढून तिने आपला लेख वाचायला घेतला. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले.

"गेल्या दोन वर्षांत," ती वाचत होती, "या चित्रकाराच्या कामात एक विलक्षण गोष्ट घडली आहे. चित्राचा मध्यभाग त्याने सोडून दिला आहे. सगळं जगणं कडांना सरकलं आहे, आणि मधे जवळजवळ काहीच उरलेलं नाही."

मी ट्रे पटकन टेबलावर ठेवला.

"काही ठिकाणी तर मधे कोरा कॅनव्हास उघडा आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "हे कुठून आलं? कुणाचा प्रभाव? ठरवून केलंत की होत गेलं? आधीच्या एकाही चित्रात हे नाही."

"मला नका विचारू," नवरा म्हणाला. "मी थांबत नसतो. ही थांबवते. ही पुरे म्हणाली की मी पातं खाली ठेवतो. सगळी चित्रं तशीच झालीत."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याने बाहेर कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगितली ती नेमकी त्या दिवशी. प्रश्नावलीची खुर्ची करकरली. ती माझ्याकडे वळली असणार. मला तिचे कानातले डूल तेवढे दिसत होते.

"खरंच? मग तुम्हीच सांगा ना. मध्यभाग मोकळा असतानाच तुम्ही का थांबवता? तुम्हाला तिथे काय दिसतं?"

मी कपबश्या सारख्या केल्या. शेवटी मी म्हटलं, "दिसतं तसं सांगते, बाई. मला काय कळतंय त्यातलं!"

ती हसली. तिला ते उत्तर फार आवडलं असावं, कारण तिने ते लिहून घेतलं. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तुम्ही दोघांनीही लोकांपुढे बोलायचं, असं बजावून ती गेली.

ती गेल्यावर नवरा चित्रांसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू? मला ती अपुरीच वाटायची. प्रत्येक वेळी वाटायचं, मधलं काम राहिलंय. पण तू पुरे म्हणालीस."

"मग?"

"मग काय? तू म्हणालीस म्हणजे झालं. तुझी नजर कधी चुकली आहे का? तुला नाही ना वाटत, मधलं राहून गेलंय असं?"

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरायला गेला तेव्हा मी मागच्या खोलीत शिरले. चित्रांना हात लावायचा नाही हा मीच घालून दिलेला नियम होता. मी पहिल्या चित्राच्या कडेवर बोटं ठेवली आणि हळूहळू मधे नेली. कडेला रंगाचे थर होते, खडबडीत, उंचसखल. मग थर पातळ झाले. मग बोटांना नुसतं कापड लागलं. बशीएवढी जागा असेल.

दुसऱ्या चित्रात ती जागा ताटाएवढी होती. तिसऱ्यात माझा सबंध पंजा फिरला तरी रंग लागेना. चौथ्यात त्याहून मोठी. मी एकेक चित्र चाचपत पुढे जात होते. शेवटच्या चित्रात मी दोन्ही हात पसरले तेव्हा कुठे रंगाची कड हाताला लागली. माझ्या डोळ्यांतला डाग दोन वर्षांत जसा वाढत गेला होता, तसाच तो तिथे वाढत गेला होता. मला दिसेना म्हणून मी त्याला थांबवलं, मला दिसेना तिथे तो थांबला, आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

मी तिथेच जमिनीवर बसले. कौतुक करणाऱ्यांची मला पर्वा नव्हती, त्यांना बर्फ दिसतो तर बर्फ दिसू दे. मला दिसत होता तो पलंग, भिंतीकडे वळलेली ती पाठ. हे त्याला कळलं तर तो पातं उचलणार आणि सहाही चित्रं सुतापर्यंत नेणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. चित्रं जातील ती जातील. पण त्यानंतर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला, तर तेव्हाचं त्याचं वय आता नव्हतं, आणि माझे डोळेही. या वेळी तो श्वास घेतोय की नाही, हेसुद्धा मला दारातून दिसणार नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, चित्रं एकदा घराबाहेर पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. संग्रहालयाची माणसं गुरुवारी दुपारी न्यायला येणार होती. तिथे पहारा असतो. तिथे त्याला पातं घेऊन कुणी आत सोडणार नाही. दोनच दिवस तर काढायचे होते.

गुरुवारी सकाळपासून तो सातव्या चित्रावर होता. तेही त्याच गाडीतून जायचं होतं. मी ओट्यापाशी उगाच भांडी विसळत उभी होते. विसळलेलीच पुन्हा विसळत होते. पात्याचा आवाज भिंतीतून येत होता, लांब, सावकाश, ओला. मग त्याची हाक आली.

"अगं, ये जरा."

मी पदराला हात पुसत गेले. दारात माझ्या नेहमीच्या जागी उभी राहिले. मान तिरकी केली. डावीकडे गडद निळा होता, उजवीकडे विटेसारखं काहीतरी, वर दुधी पांढरा. कडा जमल्या होत्या. कडा सुंदर जमल्या होत्या. मधे माझा डाग होता आणि डागात त्याची पाठ कुठेतरी हलत होती.

एक शब्द तर म्हणायचा होता. आजवर शेकडो वेळा म्हटलेला. म्हटला की पातं खाली, चित्र गाडीत, सगळं पार. मी तोंड उघडलं आणि मिटलं. परवापासून माझ्या बोटांना ते कोरं कापड लागत होतं, ते काही केल्या जाईना.

तो वाट बघत होता. मग पुन्हा पातं फिरलं.

"अजून नाही?" त्याने विचारलं.

मी बोलले नाही. पातं फिरलं. एकदा, दोनदा, अनेकदा. मी गप्प म्हणजे झालं नाही, हा आमचा नियम. तो चालू लागला की त्याला लगाम नाही. रंगाचे पापुद्रे फरशीवर पडताना ऐकू येत होते. आवाज बदलायला लागला. आधी ओला होता, मग घोगरा झाला, मग कोरडा. त्याचा श्वास तोकडा झाला होता.

"अगं, बोल ना! हातातून चाललंय हे. दिसत नाही का तुला?"

"नाही," मी म्हटलं.

पातं थांबलं.

"मला दिसत नाही," मी म्हटलं. "मधलं काहीच दिसत नाही. दोन वर्षं झाली. गुडघे धडधाकट आहेत माझे. मी जाते तो दवाखाना डोळ्यांचा आहे."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, ते ऐकू आलं.

"ही सगळी?" त्याने विचारलं. आवाज भिंतीच्या बाजूला वळला होता, त्या सहा चित्रांकडे.

"सगळी."

"एकाही वेळी?"

"कडा दिसायच्या. कडांवरून म्हणायचे."

मग त्याची पावलं ऐकू आली. तो भिंतीकडे निघाला होता. पातं त्याच्या हातातच होतं, खाली ठेवल्याचा आवाज आला नव्हता. माझ्या अंगातलं सगळं बळ पायांत गोळा झालं आणि मी धावले. त्या खोलीत मी आजवर कधी धावले नव्हते. रंगाचा डबा पायाने उडाला. मी चित्रांसमोर जाऊन हात पसरून उभी राहिले. पाठीला कॅनव्हासची चौकट टोचत होती.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"नाही."

"बाजूला हो म्हणतो ना!"

"होणार नाही. मला खरवड हवं तर. ही चित्रं बाहेर जाणार. तू पुन्हा त्या पलंगावर पडायचं नाहीस. मी नाही पुन्हा त्या जिन्यात उभी राहणार! ऐकतोयस का? मला आता तेवढं झेपणार नाही!"

मी ओरडत होते आणि रडत होते, नाक वाहत होतं. त्याचा हात माझ्या दंडावर आला. रंगाने चिकट झालेला, जोरात धरणारा हात. मी अंग आकसून घेतलं.

"अगं, खिडकीच्या बाजूला हो," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "उजेडात चल. डोळे बघू दे तुझे."

मला ते समजायला वेळ लागला. त्याने मला ओढतच खिडकीशी नेलं. वाटेत पातं फरशीवर पडलं, ते त्याच्या पायाखाली आलं आणि सरकत कुठेतरी गेलं. त्याने माझी हनुवटी धरून वर केली. मी समोर बघितलं. कान दिसले, केस दिसले.

"मी दिसतो?"

मी मान हलवली. नाही.

"म्हणजे माझा चेहरा? दोन वर्षं?"

तेवढ्यात खालून घंटी वाजली. गाडी आली होती. जिन्यात पावलं वाजली आणि दारातून कुणीतरी विचारलं, "साहेब, चित्रं कुठली घ्यायची?"

हा माणूस चित्रं बांधताना दोरीच्या गाठीवरून लोकांशी भांडतो. कापड मऊ नाही म्हणून त्याने एकदा गाडी परत पाठवली होती. तो वळलासुद्धा नाही.

"सगळी न्या," तो म्हणाला.

"हे भिंतीवरचं ओलं दिसतंय. हेही?"

"न्या म्हटलं ना!"

माणसं कामाला लागली. कापडाची सळसळ, लाकडाची ठोकाठोक, "धर, तिरकं कर, उंबरा सांभाळ," असं सगळं आमच्या पाठीमागे चाललं होतं. तो माझ्यासमोर उभा राहून सरकत होता.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही. कडेला जा. आणखी."

"डावीकडे का?"

"डावीकडे. थोडा मागे. मी समोरच बघते, तू सरक."

तो एकेक पाऊल सरकत गेला. मी खिडकीच्या गजाकडे बघत राहिले, मान हलू दिली नाही. आधी त्याचा कान डागाबाहेर आला, मग गाल, मग दाढी. दाढी सगळी पांढरी झाली होती. ती कधी झाली, मला माहीत नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. "आता दिसतोस."

कितीतरी महिन्यांनी मी नवऱ्याचा चेहरा बघत होते, तोही डोळ्याच्या कोपऱ्यातून. तोंड उघडं होतं. हनुवटी थरथरत होती. भीतीची मक्तेदारी आपलीच, असं मी इतके दिवस धरून चालले होते. इतका घाबरलेला माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता, आणि तो चित्रांकडे बघत नव्हता.